नवी विंडोज घ्यावी की थांबावे?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी शिक्षणनिधीच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. परंतु त्या विषयावर माझ्याहून अधिकारी मंडळींनी याच अंकात लिहिले आहे, आणि त्यात माझी भर म्हणजे वरणात पाणी. म्हणून मी एक वेगळा, काहीसा रूक्ष विषय मागून घेतला. २०२५ च्या पावसाळ्यात कार्यकारी मंडळाच्या सलग तीन सभांत ज्या प्रश्नावर चहा निवेपर्यंत वाद झाला, तोच हा विषय : आपल्या कचेरीतील कॉम्प्युटरवर नवी विंडोज घालावी की आहे तीच चालू ठेवावी? हा प्रश्न आता पुष्कळ सभासदांच्या घरीही येऊन उभा राहिला आहे. दुकान असो, पतसंस्था असो, मुलाचे कॉलेज असो, कोणाची त्यातून सुटका नाही. तेव्हा मला जे समजले ते, आणि जे चुकून शिकलो तेही, सभासद बंधुभगिनींपुढे मांडतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. कॉम्प्युटरमध्ये आपण हिशेब लिहितो, पत्रे टाइप करतो, फोटो पाहतो. ही कामे करणारे कार्यक्रम निरनिराळे असतात. पण त्या सर्वांना वीज, जागा, कागद पुरविणारा आणि कोणी कोठे बसायचे ते ठरविणारा एक मूळ कार्यक्रम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक डोळ्यांपुढे आणावा. आचारी, मांडववाला, वाजंत्रीवाला हे आपापल्या कामात तरबेज असतात, पण पाण्याची टाकी कोठे आहे आणि मागच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, हे त्यांना व्यवस्थापकालाच विचारावे लागते. विंडोज हा असा व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक बदलला की कार्यालय तेच राहते, आचारी तेच राहतात, परंतु जुना व्यवस्थापक ज्या मागच्या दाराने भांडी आत घेऊ देत असे ते दार नवा माणूस बंद करून टाकतो, आणि ऐन मुहूर्तावर आचारी भांड्यांसह रस्त्यावर उभा राहतो. नव्या कार्यप्रणालीत जे घोटाळे होतात त्यांतले बहुतेक या जातीचे असतात.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण आमच्या सभेतला निम्मा वाद तो न केल्यामुळे झाला. मृगाच्या आधी आपण कौले परततो, फुटलेले कौल बदलतो, पन्हळी साफ करतो. घर तेच असते. कंपनी दरमहा जी लहान दुरुस्ती पाठविते ती या प्रकारची. तिला सहसा विचार लागत नाही. ती वेळेवर करून घ्यावी. दुसरा प्रकार म्हणजे जुने घर उतरवून त्याच पायावर नवे बांधणे. विंडोज ७ वरून १०, किंवा १० वरून ११, हा बदल त्या जातीचा. त्याला मुहूर्त पाहावा लागतो, सामान हलवावे लागते, आणि देवघर कोठे जाणार हे आधी ठरवावे लागते.

आता तारखांकडे वळू. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि तिची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी निघाली आणि तिची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ त्यापूर्वीच, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली होती. मुदत संपली म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडतो, अशी समजूत आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांची झाली होती व त्यांनी आदल्या रात्री सर्व पावत्या छापून घेतल्या. (पावत्या छापून घेतल्या हे उत्तमच केले.) तसे काही होत नाही. यंत्र पूर्वीसारखेच चालू राहते. फक्त पुढे कोठे भोक पडले तर ते बुजवायला कोणी येत नाही.

भोक बुजविले नाही तर काय होते, याचे उदाहरण मे २०१७ मध्ये सर्व जगाने पाहिले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रवी कार्यक्रम पसरला. तो कॉम्प्युटरवरील सर्व कागद कुलूपबंद करून टाके आणि किल्लीसाठी पैसे मागे. थोड्या दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून हा चोर शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी पाठविली होती. बळी पडलेल्यांत सर्वांत जास्त यंत्रे विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ची मुदत तेव्हा संपलेली नव्हती! दुरुस्ती दाराशी येऊन पडली होती, ती कोणी उचलून आत घेतली नव्हती. म्हणून मी म्हणतो की लहान दुरुस्तीत आळस करू नये. ज्या यंत्राला लहान दुरुस्तीच मिळणे बंद झाले आहे, ते इंटरनेटला जोडलेले ठेवणे म्हणजे बाजारच्या दिवशी दुकान उघडे टाकून जेवायला जाणे.

पण उतावळेपणाची कथाही ऐकली पाहिजे, नाही तर विचार एकांगी होईल. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची एक मोठी सुधारित आवृत्ती निघाली. ज्यांनी ती पहिल्या दोनचार दिवसांत घेतली त्यांच्यापैकी काहींचे कागद आणि फोटो नाहीसे झाले. कारण मोठे शिकण्यासारखे होते. काही लोकांनी आपली कागदपत्रांची पेटी मूळ जागेवरून दुसऱ्या डिस्कवर हलविली होती, परंतु जुन्या जागेतही काही कागद राहून गेले होते. नव्या आवृत्तीने ती जुनी पेटी रिकामी आणि निरुपयोगी समजून झाडून टाकली. कंपनीने ते वाटप काही दिवसांतच थांबविले, चूक सुधारली आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा सुरू केले. ज्यांनी दीड महिना वाट पाहिली त्यांचे काहीच बिघडले नाही. १९ जुलै २०२४ चा प्रकार थोडा निराळा. तेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो विंडोजचा बदल नव्हता. तरी सर्वांनी एकाच क्षणी बदल घेतला म्हणजे सर्व एकाच क्षणी पडतात, एवढे त्यावरून दिसले.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. तिच्यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे.

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची मुदत संपत आली तेव्हा बेळगावच्या कचेरीतले यंत्र आम्ही एका सभासदाच्या हुशार भाच्याच्या हवाली केले. मुलगा कामसू होता. त्याने सर्व फाइलींची प्रत काढली, डिस्क पुसली, शनिवार-रविवार खपून विंडोज १० घातली आणि प्रत पुन्हा जागेवर ठेवली. सोमवारी सकाळी आमचे जुने कारकून, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी शिक्षणनिधीचे रजिस्टर उघडले. परतफेडीच्या बोलीवर ज्यांना ज्यांना मदत दिली, त्या सर्व मुलामुलींची नावे, गाव, जामीन, हप्ते त्यात होते. निपाणी भागातील तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात राबणाऱ्या कुटुंबांची मुले त्यात पुष्कळ. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “काय की रे बाळा हे, सगळं इंग्लिश झालंय बघ!”

आणि तसेच होते. प्रत्येक नावाच्या जागी रोमन अक्षरांची, टिंबांची, कंसांची खिचडी उभी होती. मुलाने फाइली सांभाळल्या होत्या, पण ज्या अक्षरसंचात, म्हणजे फॉन्टमध्ये, त्या टाइप केल्या होत्या तो मात्र डिस्कबरोबर पुसला गेला होता. लोखंडी कपाटातली त्याची सीडी चरे पडून निकामी झालेली. पंधरा दिवस रजिस्टर वाचता येत नव्हते. त्या पंधरा दिवसांत एका विद्यार्थिनीच्या कॉलेजची फी भरण्याची तारीख आली. तिचा हप्ता मंजूर झालेला होता, पण कोणाच्या नावे, किती आणि कोणत्या अटीवर, हे सांगणारा कागद आमच्याच डोळ्यांसमोर असून आम्हाला वाचता येईना. शेवटी एका सभासदांनी ती रक्कम खिशातून भरली आणि नंतर परत घेण्याचे नाकारले. आमच्याकडे त्या फॉन्टचा परवाना होताच. निपाणीच्या एका छापखान्यातील जुन्या यंत्रावर तोच फॉन्ट सापडला, आणि रजिस्टर पुन्हा मराठीत बोलू लागले.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण सीमाभागातल्या अनेक संस्थांच्या कपाटांत हाच सुरुंग अजून दडलेला आहे.

कॉम्प्युटरला अक्षर ठाऊक नसते, त्याला आकडा ठाऊक असतो. पूर्वी आकड्यांची जी यादी सर्वमान्य होती तिच्यात रोमन अक्षरेच होती. मराठीला जागा नव्हती. मग श्रीलिपी, आकृती, कृति देव असे जे फॉन्ट निघाले त्यांनी एक युक्ती काढली. आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचा, पण पडद्यावर त्या जागी चित्र देवनागरीचे काढायचे. कृति देवमध्ये ‘क’ टाइप केला की आत साठतो १०० हा आकडा, जो खरा रोमन लिपीतल्या धाकट्या ‘डी’चा आहे. फॉन्ट आहे तोवर ‘क’ दिसतो. फॉन्ट गेला की ‘डी’ उघडा पडतो. आपले ‘निपाणी’ हे नाव त्या फॉन्टमध्ये लिहिलेले असेल आणि फॉन्ट नसेल, तर पडद्यावर एफ, यू, आय, के, टिंब, के, एच अशी रांग दिसते. तिच्यातून निपाणी कोण ओळखणार? त्यात भर म्हणजे प्रत्येक कंपनीने आपली मांडणी वेगळी ठेवली होती. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला तर मराठी अक्षरेच, पण भलतीच, दिसत.

आपल्याकडे ही अडचण दुहेरी. सरकारी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये करावा लागतो, आणि त्यासाठी कन्नड गणक परिषदेचे ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर कर्नाटकात सर्वत्र रूढ झाले. त्याच्या जुन्या आवृत्तीतली अक्षरेही याच युक्तीने साठविलेली असत. म्हणजे बेळगावातल्या एखाद्या संस्थेच्या यंत्रावर डाव्या हाताला एक परके वेष घेतलेली मराठी आणि उजव्या हाताला तशीच कन्नड, अशी स्थिती. पुण्यामुंबईच्या संस्थांना एका बाजूची काळजी, आपल्याला दोन्ही बाजूंची.

या घोटाळ्यावर जगाने शोधलेला उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्या होत्या. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतंत्र आकडा दिला. ‘क’ ला २३२५ हा आकडा मिळाला, तो आता जगातल्या कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कंपनीच्या फॉन्टमध्ये ‘क’च राहणार. येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतीय लिप्यांना युनिकोडमध्ये १२८ घरांची एकेक गल्ली दिली आहे, आणि भारत सरकारने पूर्वी ठरविलेल्या प्रमाण क्रमानुसार घरे मांडली आहेत. देवनागरीचा ‘क’ आपल्या गल्लीच्या तोंडापासून २१ घरे पुढे राहतो. कन्नडचा ‘क’ आपल्या गल्लीत बरोबर तितकीच घरे पुढे राहतो. त्याचा आकडा ३२२१. दोघांत अंतर ८९६, म्हणजे सात गल्ल्यांचे. सीमेच्या दोन्ही अंगांनी इतके वाद झाले, पण या मोहल्ल्यात दोघांचे घर क्रमांक एकच आहेत!

विंडोजमध्ये युनिकोड मराठी २००० च्या आवृत्तीत आली, युनिकोड कन्नड २००१ च्या एक्सपीत. म्हणजे त्यानंतर टाइप केलेला सर्व मजकूर सुरक्षित असायला हवा होता. परंतु हात जुन्या कळफलकाला सरावलेले, छापखाने जुन्या फॉन्टवर अवलंबून, त्यामुळे आमच्या ट्रस्टमध्ये २०१२ पर्यंत जुनीच पद्धत चालली. पुष्कळ ठिकाणी ती अजून चालते.

माझ्या आजोबांच्या दप्तरात मोडीत लिहिलेले कागद आहेत. कागद खणखणीत, शाई काळीभोर, वाळवीने हात लावलेला नाही. परंतु घरात ते वाचणारे माणूस नाही. शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत धडधाकट कागद मुके झाले. (युनिकोडने २०१४ मध्ये मोडीलाही स्वतंत्र घरे दिली, पण वाचणारा कोठून आणायचा?) मामांच्या रजिस्टरचे त्या सोमवारी जे झाले ते हेच, फक्त दोन पिढ्यांऐवजी दोन दिवसांत झाले.

हे सर्व ध्यानी घेऊन २०२५ च्या सभांत आमच्यापुढे दोन यंत्रे होती. एक बेळगाव कचेरीतले, २०२१ साली घेतलेले. दुसरे निपाणी शाखेतले, २०१३ चे, ज्यावर जुना मराठी टायपिंगचा कार्यक्रम आणि त्याचे प्रिंटरच्या खाचेत बसवायचे कुलूप अजून होते. विंडोज ११ साठी कंपनीने काही अटी घातल्या आहेत. मेमरी निदान ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी पाहिजे, ‘टीपीएम २.०’ नावाचा सुरक्षेचा भाग यंत्रात पाहिजे. आणि प्रोसेसर मान्य यादीतला पाहिजे. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ अखेरच्या सुमाराच्या यंत्रांपासून सुरू होते. आपले यंत्र बसते की नाही हे मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट कार्यक्रम सांगतो. बेळगावचे यंत्र बसले, निपाणीचे बसले नाही. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळातले जुने कार्यक्रम चालत नाहीत. ज्या पतसंस्थांचे खातेवहीचे कार्यक्रम त्या काळात लिहिलेले असतील त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

अटीत न बसणाऱ्या यंत्रावरही आडमार्गाने विंडोज ११ घालता येते, असे एका तरुण सभासदांनी सुचविले व ते खरे आहे. पण अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचीच हमी नसेल तर तो मार्ग संस्थेने घेऊ नये असे माझे मत पडले. घरी हौस म्हणून कोणी केले तर माझी हरकत नाही. पैसे भरून वाढीव मुदत घेण्याचाही मार्ग होता. घरगुती वापरासाठी कंपनीने जाहीर केलेली ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती, तीस डॉलरांत किंवा काही अटींवर फुकट. संस्थांसाठी मात्र पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. बारा वर्षांच्या यंत्रावर तो खर्च करण्यास खजिनदारांनी नकार दिला, आणि या वेळी खजिनदारांचे बरोबर होते.

लिनक्सचा पर्यायही निघाला. तो फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलका चालतो, आणि सी-डॅकने ‘बॉस’ नावाने भारतीय भाषांसाठी त्याची आवृत्ती केली आहे. पत्रे लिहिणे, इंटरनेट पाहणे एवढेच काम असलेल्या घरांना मी तो जरूर सुचवीन. ट्रस्टच्या कामात मात्र हिशेबाचा कार्यक्रम आणि लेखापालांची डिजिटल सही यांचे काय, हा प्रश्न सुटला नाही.

शेवटी ठरले ते असे. बेळगावच्या यंत्रावर विंडोज ११ घ्यायची, पण हिशेब तपासणीचा सप्टेंबर उलटल्यावर, आणि सोमवार तोंडावर नसेल अशा दिवशी. निपाणीचे यंत्र आहे तसेच ठेवायचे, मात्र त्याची इंटरनेटची तार काढून घ्यायची. ते आता वाचनापुरते दप्तर. शाखेच्या रोजच्या कामासाठी नवे यंत्र घ्यायचे, ज्याची देणगी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिली.

प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी या वेळी आम्ही जे केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सभासदांना उपयोगी पडेल ते हेच. सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर काढल्या. एक बेळगावात ठेवली, दुसरी निपाणीस पाठविली. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे आगीच्या आणि चोराच्या दृष्टीने एकच प्रत. प्रत काढून थांबलो नाही, तर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती श्रद्धा आहे. या वेळी फॉन्टही उचलले. विंडोजमध्ये ते ‘फॉन्ट्स’ नावाच्या स्वतंत्र पेटीत असतात, आपल्या कागदांबरोबर आपोआप येत नाहीत. मग प्रत्येक कार्यक्रमाची चौकशी केली : हिशेबाचा कार्यक्रम, जुना टिकटिक करणारा प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन. टोकनाचा चालक कार्यक्रम नव्या विंडोजसाठी वेगळा घ्यावा लागतो, असे पुरवठादाराने सांगितले. तो आधीच उतरवून ठेवला नसता तर देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे सहीवाचून अडले असते. आणखी एक बारीक गोष्ट : जुन्या विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा मराठी फॉन्ट आणि ‘तुंगा’ हा कन्नड फॉन्ट नव्या यंत्रावर वेगळे मागून घ्यावे लागू शकतात. ते नसले तरी मजकूर वाचता येतो, कारण तो युनिकोडमध्ये असतो. फक्त दुसऱ्या अक्षरवळणामुळे ओळी मागेपुढे होतात. पावतीवरची रक्कम पुढच्या ओळीवर गेली तर घाबरू नये.

बदल झाल्यावर पहिले दहा दिवस जुन्या विंडोजकडे परत जाण्याची वाट उघडी असते. मग ती मिटते. म्हणून त्या दहा दिवसांत वर्षात जी जी कामे पडतात ती सर्व एकेकदा करून पाहिली. पावती, पाकिटावरचा पत्ता, कन्नड अर्ज, शिक्षणनिधीचे पत्र. मामांनी स्वतः बसून शंभर नावे उघडून पाहिली आणि या वेळी चष्मा पुसला नाही.

मोबाइलविषयी दोनच शब्द. तेथे दुरुस्ती किती वर्षे मिळणार हे फोन बनविणारी कंपनी ठरविते. विकत घेताना किंमतीइतकाच हा प्रश्न विचारावा. फार जुन्या फोनवर नित्याची ॲपेही पाठ फिरवतात. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ व त्याहून जुन्या फोनना सोडचिठ्ठी दिली. पण एक गोष्ट घरातल्या सर्वांना, विशेषतः दुपारी घरी एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांना, सांगून ठेवावी. खरा अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्ये किंवा अधिकृत ॲपच्या दुकानातच येतो. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेची सूचना अशा नावाने मेसेजमधून आलेली एपीके फाइल म्हणजे अपडेट नव्हे, ती चोराची शिडी आहे. चुकून दाबली गेली व पैसे गेले तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता उरलेले काम. निपाणीच्या जुन्या यंत्रावरचे रजिस्टर युनिकोडमध्ये आणायचे आहे. त्यासाठी बदलून देणारे कार्यक्रम मिळतात, पण ते आंधळेपणाने चालतात. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसते तसा क्रम साठविलेला असतो. ‘नि’ मधली वेलांटी आधी आणि ‘न’ नंतर. युनिकोडमध्ये ‘न’ आधी, वेलांटी नंतर. ‘कर्नाटक’ मधला रफार जुन्या पद्धतीत ‘ना’ च्या मागून येतो, नव्या पद्धतीत ‘न’ च्या आधी. बदलणाऱ्या कार्यक्रमाला ही उलटापालट बहुधा जमते, परंतु जोडाक्षरांत, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ मध्ये तो हमखास ठेचकाळतो. साधा शब्द असेल तर वाचणारा संदर्भाने दुरुस्त करील. माणसाच्या नावाला संदर्भ नसतो. आडनावात ‘ळ’ की ‘ल’, गाव सौंदलगे की आणखी कोणते, हे त्या घराला ओळखणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून पहिले शंभर पृष्ठांचे छापील कच्चे खर्डे निपाणी शाखेत ठेवले आहेत, अक्षर मोठे आहे. ज्या सभासदांना जुनी कुटुंबे माहीत आहेत त्यांनी रविवारी सकाळी तासभर येऊन लाल पेन्सिलीने दुरुस्ती करावी. ज्यांनी स्वतः या निधीतून शिक्षण घेतले आहे त्यांनी तर आपले नाव आपणच तपासून जावे. कोणाच्या माळ्यावर ट्रस्टच्या जुन्या फ्लॉपी किंवा सीडी असतील तर त्या पुसू नयेत, तशाच आणून द्याव्यात. मामा दहापासून एकपर्यंत तेथे असतात.